यंत्रमागावर कॅमेरा लावून चादर सुधारते का?

सातरस्ता: सकाळच्या पोस्टमध्ये एका कारखानदारांनी लिहिलंय, ‘नजर असल्याशिवाय माणूस काम करत नाही, प्रत्येक मागावर कॅमेरा लावा.’ यावर गप्प बसवत नाही. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटलेली कळली नाही की चादरीत उभी रेघ पडते. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटल्यावर पीक (आडव्या धाग्याची शेवटची पूर्ण फेरी) न शोधता माग सुरू केला की आडवा पट्टा. माग मागे फिरवला, पण जकार्डचे पुठ्ठे (ज्यांच्या भोकांवरून नक्षी ठरते ते) तेवढेच मागे घेतले नाहीत, की नक्षीतल्या मोराची मान सरकते. यातलं काय पकडणार कॅमेरा? पीक शोधायला वेळ लागतो आणि मजुरी नगावर. थांबलेल्या मिनिटाचे पैसे नसतील तर माणूस घाई करणारच.

पूर्वभाग: रोजावर मजुरी द्या, मग माग किती वेळ बंद राहतात ते बघा की. मिनिटाला सव्वाशे पीक, इंचाला चाळीस धरा. म्हणजे मिनिटाला तीन इंच कापड. हातभर रेघ गेली म्हणजे सहा मिनिटं कुणी बघितलंच नाही. मोबाईल नाही तर काय?

सातरस्ता: दुसरा माग! एका विणकराकडे दोन असतात. तिकडे पीक शोधत वाकलेला माणूस इकडची तार कशी बघणार? तार तुटली की खाली पडून माग आपोआप थांबवणाऱ्या पट्ट्यांची, म्हणजे ड्रॉपरची, सोय करा, कॅमेऱ्याचा खर्च तिकडे वळवा.

अशोकचौक: मूळ रोग हवेत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, हवा कोरडी, सुताला लावलेली खळ (पेज) कडक होऊन तडकते आणि तारा पटापट तुटतात. सुताला 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते.

पूर्वभाग: म्हणून पाणी मारतात ना!

अशोकचौक: कुठे मारतात ते महत्त्वाचं. थेट ताण्यावर मारलं की खळ चिकट होते, तारा एकमेकींना धरतात. ताण्याच्या तारा ज्यातून जातात ती फणी गंजते, डाग कापडावर उतरतात. पुठ्ठे फुगले की सुया भोकं चुकतात. जमीन ओली ठेवा, नाहीतर बारीक तुषार सोडणारं यंत्र बसवा. पाणी स्वच्छच हवं. 2025 मध्ये नवी श्रमसंहिता लागू होईपर्यंत 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 15 याच दमटपणासाठी होतं, पाणी पिण्याजोगं नसेल तर शुद्ध करून वापरा म्हणायचं.

पूर्वभाग: शेडला पत्रा, वर ऊन. दुपारी तुषार सोडले तर आत माणूस उकडून निघेल. कायदा सांगणं सोपं आहे ओ!

अशोकचौक: मग आधी पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या. उकाड्यात चिडलेल्या माणसावर कॅमेरा रोखून काय मिळणार?

फणीकर: आपल्या कथा-कवितांतही हेच. माग म्हणजे खटखट, विणकर म्हणजे थकलेले डोळे. बाहेरगावचे प्रवासी लेखक येतात, चादरीचे फोटो काढून जातात. पीक शोधणारा हात कुणी लिहीत नाही. म्हणूनच कारखानदाराला घाई ही आळसासारखी दिसते.

पूर्वभाग: साहित्य मध्ये कशाला आणता? ड्रॉपरचं मान्य, बसवायला हवेत. पण जुन्या मागाला ते बसवताना दोन दिवस माग बंद, त्याची मजुरी कोण देणार?

सातरस्ता: कारखानदारानंच द्यायची. नाहीतर विणकर पहिल्याच दिवशी ड्रॉपर बांधून निकामी करून टाकेल.