मदत हवी आहे: झेड-स्कॅनमधला सिग्नल उष्णतेचाच आहे का?

सांगलीत एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. झेड-स्कॅन म्हणजे नमुना लेसरच्या फोकसमधून पुढे-मागे सरकवत पलीकडे पोचणारा प्रकाश मोजायचा. स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) काचेवर झिंक ऑक्साइडची नॅनोकणांची फिल्म केली आहे, जाडी साधारण 400 नॅनोमीटर. लेसर 532 नॅनोमीटरचा, सलग चालणारा. फोकसला बीमची त्रिज्या 30 मायक्रॉन, म्हणजे रेले लांबी (फोकसपासून जितक्या अंतरापर्यंत बीम फारसा पसरत नाही ती) 5.3 मिलिमीटर.

क्लोज्ड अ‍ॅपर्चरला (डिटेक्टरपुढे छोटं भोक ठेवून) आधी शिखर, मग दरी येते, म्हणजे n2 (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) ऋण. नुसती काच ठेवली तर रेघ सपाट. पॉवर निम्मी केली तर शिखर-दरीतला फरकही निम्मा. ओपन अ‍ॅपर्चरने (भोक काढून, सगळा प्रकाश मोजून) भागूनही आकार तोच. (रीडिंग रात्री घेतो, दिवसा उसाचे ट्रॅक्टर गेले की डिटेक्टरचा आकडा नाचतो.)

मला थर्मल लेन्सिंगचाच (लेसरने तापून नमुनाच भिंगासारखा वागण्याचा) संशय आहे. w0²/4D ने (w0 म्हणजे फोकसची त्रिज्या, D म्हणजे उष्णता किती झपाट्याने पसरते ते) काचेसाठी उष्णता पसरायचा काळ सुमारे 0.45 मिलिसेकंद निघतो, आणि आमचा चॉपर (बीम आलटून-पालटून अडवणारी फिरती चकती) प्रत्येक वेळी 2 मिलिसेकंद उघडा राहतो. पल्स लेसर इथे नाही. बाहेर नेलं तर एकच दिवस मिळेल.

चॉपरच्या चकतीला अरुंद फट कापून उघडा काळ 0.1 मिलिसेकंदावर आणला, तर इलेक्ट्रॉनिक भाग (उष्णतेचा नसलेला, इलेक्ट्रॉनांमुळे येणारा) वेगळा दिसेल, की सलग लेसरच्या तीव्रतेला तो दिसणारच नाही आणि नॅनोसेकंद पल्सशिवाय गत्यंतर नाही?