विषय: आंजर्ल्याची बोट पावसाआधी वर घेणे – रॅम्प घालू का?

भाऊ (आंजर्ले)

सर्वांस नमस्कार,

रविवारपर्यंत उत्तर हवंय, कारण गवंडी सोमवारी येतो म्हणतोय. बोट तीच, सोळा फुटी फायबरची, पंधरा हॉर्सचं इंजिन. घरासमोर खाडीत नांगरलेली आहे. गेल्या वर्षीचा ट्रॅक्टरवाला यंदा काठावरून खाली उतरायला तयार नाही. ट्रॉलीची चाकं पाण्याला लागायच्या आधीच चिखलात बसतात आणि मग ट्रॅक्टरच ओढून काढावा लागतो, असं त्याचं म्हणणं. धक्क्यावरून काढायची तर घरापर्यंत रस्त्याने आणावी लागेल, आणि आमच्या पाखाडीतून, म्हणजे अरुंद वाटेतून, ती वळत नाही.

तर फाटकापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत काँक्रीटचा रॅम्प घालून टाकावा असं मनात आहे. वर पत्र्याची शेड. कायमचा प्रश्न सुटेल. कोणी घातलाय का? किती जाड लागतो?

मी तिथे 12 मेला पोचतो. पाहुणे आहेत, त्यामुळे बोट महिनाअखेरपर्यंत पाण्यात राहिली तर बरं.

अण्णा

भाऊ, गवंड्याला आजच फोन करून नको म्हणून सांग.

भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधली जागा तुझी नाही. सातबारा काठापाशी संपतो. ती पट्टी 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत 1-ब मध्ये येते आणि तुझ्या फाटकाच्या उजव्या हाताला चिपी आणि तिवर ही कांदळवनाची झाडं आहेत ती 1-अ मध्ये. कांदळवन हजार चौरस मीटरच्या वर असेल तर त्याच्याभोवती आणखी पन्नास मीटर मोकळे सोडावे लागतात. 2018 साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव टाकायला राज्यभर बंदी घातली. शेडलाही परवानगी लागेल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी काँक्रीट तिथे टिकत नाही. खालचा चिखल पावसात वाहून जातो, लादी अधांतरी राहते आणि मधोमध तडकते. मग तिची धार बोटीच्या तळाला लागते.

तुला रॅम्प लागतोय कारण तू ओहोटीला बोट काढतोयस. उधाणाला काढ. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तुझ्या फाटकाच्या चिऱ्यापर्यंत येतं, मी पाहिलंय. बोट तरंगत काठाला आण, चिखल लागतच नाही. तिथून वर फक्त गवतावरून ओढायची.

वेळ आपल्या जुन्या हिशोबाने काढ. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचे किती वाजले ते कळतं. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, वद्य द्वितीयेला दीड. तुमच्याकडे मुंबईच्या थोडी आधी येते, म्हणून माणसं तासभर आधी उभी कर. सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेला नसतं, त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. आणि मे महिन्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, म्हणजे काम उजेडी होतं. थंडीत उलटं. परत पाण्यात सोडताना हे ध्यानात ठेव.

एक अडचण आहे ती आत्ताच सांगतो. मोठ्या उधाणाला वर घेतलेली बोट भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, पाण्यापासून लांब राहते. एकदा वर घेतलीस की पुढच्या अमावास्येपर्यंत तिला विसर. पाहुण्यांसाठी खाली-वर करता येणार नाही.

केळशीच्या वहिनी

भाऊ, अण्णांनी वेळ सांगितली, पण इंजिनाचं कोणीच बोलत नाही. बोट ओढण्याआधी इंजिन उतरवा. चाळीस किलोच्या आसपास वजन मागच्या फळीवर लटकलेलं असताना ओढली तर बोटीची मागची बाजू जमिनीत रुतते आणि पंखा कशाला तरी आपटतो.

उतरवल्यावर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा. इथे एक गोष्ट सगळे चुकतात. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. आमच्या विहिरीचं चहाला चालतं, पण बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते. त्या पाण्याने इंजिन धुतलं म्हणजे मीठ आतच राहिलं. टाकीतलं, नळाचं पाणी वापरा.

पेट्रोल पूर्ण काढा, कार्बोरेटरमधलंसुद्धा. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पाणी धरतं आणि चार महिन्यांत आत चिकटा होतो. इंजिन पडवीत स्टँडवर उभं ठेवा. माळ्यावर नको, उंदीर वायरी खातात.

देवबागकर

वहिनींच्या पेट्रोलबद्दल. टू-स्ट्रोक असेल तर तेल मिसळलेलं उरलेलं पेट्रोल पुढच्या मोसमासाठी ठेवूच नये. इंजिनांच्या ठेवणीबद्दल मी दोन वर्षांपूर्वी या मेल-यादीवर सविस्तर लिहिलं होतं, कोणाला हवं असेल तर परत पाठवतो. फोर-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल पावसाआधी बदलायचं, पावसानंतर नाही. जुन्या ऑइलमधली आम्लं चार महिने बेअरिंगवर बसतात.

बोट माडाखाली ठेवू नका एवढंच माझं म्हणणं. जुलैच्या वाऱ्यात नारळाचा घोस फायबरवर पडला की सरळ भोक. झावळीचा देठही वाईट.

केळशीच्या वहिनी

माडाखाली नको तर कुठे? आमच्या वाडीत माड सोडून जागा नाही. नारळ आधी पाडून घ्यायचे, झावळ्या साफ करायच्या आणि बोट माडालाच बांधायची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा बांधलेल्या होड्या राहिल्या, मोकळ्या होत्या त्या शेजारच्या कुंपणात सापडल्या.

देवबागकर

वहिनी, निसर्गात तुमच्याकडचे माडच मोडले ना? मोडणाऱ्या झाडाला बोट बांधून काय उपयोग? आमच्याकडे देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ लांबून गेलं तरी पाणी घराच्या पायरीला आलं. जमिनीत खूंट पुरून दोन बाजूंनी दोर, हाच उपाय.

सचिव

नमस्कार. भाऊंच्या पहिल्या मेलमध्ये "पाहुणे" आहेत. आपल्या मे सहलीतल्या काही कुटुंबांनी मला परस्पर विचारलं की आंजर्ल्याला बोट आहे ना, म्हणून स्पष्ट करतो. सहलीच्या कार्यक्रमात बोट नाही. यांत्रिक होडीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, आणि पैसे घेऊन माणसं बसवायची तर प्रकरण आणखी वेगळं. घरच्या माणसांनाही लाइफ जॅकेटशिवाय बसवू नये. सहलीची चौकशी कृपया माझ्याकडेच करावी.

भाऊ (आंजर्ले)

सचिवसाहेब, पाहुणे माझ्या बहिणीकडचे आहेत. सहलीचा संबंध नाही. नोंदणी आणि विमा दोन्ही चालू आहेत, जॅकेटं नवी आहेत.

अण्णा, रॅम्प नाही घालत. पण महिनाअखेरपर्यंत पाण्यात ठेवायला हरकत काय? मासेमारीबंदी 1 जूनला लागते. हर्णैचे लोकही तोवर होड्या चालवतातच की.

अण्णा

हर्णैवाल्यांच्या होडीवर रात्रंदिवस माणूस असतो, तुझ्या बोटीवर कोण आहे? घर सांभाळणारे काका सत्तरीचे आहेत.

2021 साली तौक्ते 16 मेला आपल्या किनाऱ्यावरून गेलं. मेच्या मध्यावर. त्यानंतर मी कोणालाही महिनाअखेर सांगत नाही. शिवाय वारं लागलं की हर्णैच्या होड्या आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीचं तोंड गाळाने भरलेलं, आत जागा थोडी. मोठ्या होडीचा नांगर घसरला तर ती पहिली तुझ्या बोटीवर येणार. त्या दिवसांत ट्रॅक्टर मिळत नाही, माणूसही मिळत नाही.

आता काम कसं करायचं ते सांगतो. माडाची खोडं उभी चिरून, सपाट बाजू खाली ठेवून काठापासून वर दोन रांगा घाल. त्यांच्यावर आडवे गोल ओंडके. बोट रिकामी दोन-अडीचशे किलो. काठावरच्या उंडीच्या झाडाला चेनपुली लाव, चार माणसं पुरतात. दोर नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) कडीला एकटा बांधू नको, कडी उपटून येते. पोटाखालून फिरवून घे.

वर आली की तळाचं बूच काढ आणि पालथी घाल. हे काकांना नीट समजावून सांग. आपल्याकडे एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नाही. बोटीचं तोंड पाच चौरस मीटर धरलं तरी एका दिवसात हजार लिटर पाणी आत. एक टन. उताणी राहिली आणि बुचात पाला अडकला तर टेकणांवरच तिची कंबर मोडेल. पालथी घालून खाली चिरे लाव, हवा खेळली पाहिजे. वरून झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) घालून शाकार. ताडपत्री नुसती घट्ट आवळली तर आत घाम धरतो.

बांधायचं म्हणशील तर वहिनी आणि देवबागकर दोघांचंही कर. एक दोर झाडाला, दोन खुंटांना.

पाण्यात परत सोडायची घाई नारळी पौर्णिमेला करू नको. 2009 चं फयान नोव्हेंबरात आलं होतं. तू डिसेंबरातच येतोस ना? मग तेव्हाच सोड.

भाऊ (आंजर्ले)

ठीक. गवंड्याला कळवलं. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला काढतो, माणसं साडेबाराला बोलावतो. पाहुण्यांना त्याआधी चार दिवस फिरवतो. माडाची खोडं काकांकडे निसर्गातली पडून आहेत, ती चिरता येतील का? की कुजली असतील?

केळशीच्या वहिनी

जमिनीला टेकलेली असतील तर कुजली असणार. पहार मारून बघायला सांगा. आमच्याकडे गेल्या वर्षीची चांगली आहेत, टेम्पो पाठवा. झाप मात्र आत्ताच सांगून ठेवा, मेच्या शेवटी विणणाऱ्या बायकांना वेळ नसतो.

देवबागकर

चेनपुली कोणाची आहे? एक टनाची असेल तर तृतीयेनंतर मला हवी आहे. पुतण्या दापोलीला येणार आहे, तो घेऊन जाईल.