अबॉमिनेट - नुसता तिरस्कार की अजून काही?

एका जुन्या इंग्रजी पत्रांच्या भाषांतराचं काम चालू आहे, त्यात एक बाई लिहितात की त्या उकडलेलं मटण 'अबॉमिनेट' करतात. डिक्शनरीत हेट, लोद असं दिलंय पण 'मला मटणाचा तिरस्कार आहे' हे मराठीत कसंतरीच वाटतं, जणू मटणाने काही केलंय. कुणी सांगेल का?

—

तिरस्कार माणसाचा करतो आपण, खाण्याची किळस येते नाहीतर शिसारी. तिथे 'शिसारी येते' चालून जाईल. पण शब्द भारी आहे, मुळाशी चक्क शकुन आहे. लॅटिनमध्ये 'अब' म्हणजे दूर आणि 'ओमेन' म्हणजे शकुन, तेच आपण आता इंग्रजीत वापरतो ते. 'अबॉमिनारी' म्हणजे अपशकुन समजून दूर सारणे, थोडक्यात इडापिडा टळो. रोमन लोक बोलता बोलता 'क्वॉद अबॉमिनॉर' म्हणायचे, म्हणजे 'देव करो नि तसं न होवो'. रोमन कवी ओव्हिडच्या एका कथेत नवरा गरोदर बायकोला सांगतो की, क्वॉद अबॉमिनॉर, मुलगी झालीच तर मारून टाक. अपशकुन कुठला तर मुलगी होण्याचा!! वाचून आपल्याकडचंच काहीतरी आठवलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं.

—

वरच्या प्रतिसादावरून आमची आजी आठवली, कुणी 'मी मेले तर' असं सुरू केलं की हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून ओरडायची, अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते! तेच की हे.

—

हो तेच. इंग्रजीत 'अबॉमिनेबल' 14 व्या शतकापासून आहे, हे क्रियापद मात्र 17 व्या शतकातलं आणि आता फारसं कुणी वापरत नाही, वापरलं तर थोडं नाटकी नाहीतर गमतीत. विशेषण इतकं झिजलंय की पावसाळी हवेलाही अबॉमिनेबल म्हणतात.

मधल्या काळात अजून एक घोळ झाला, पंडितांना वाटलं की हा शब्द 'अब होमिने' म्हणजे 'माणसापासून दूर', अमानुष, यावरून आलाय, म्हणून मध्ये एक 'एच' घुसवून 'अबहॉमिनेबल' लिहायला लागले. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' नाटकातला मास्तर तर एच न उच्चारणाऱ्यांवरच चिडतो, आणि चूक त्याचीच!

—

मग अबॉमिनेबल स्नोमॅन? त्याला कशाला शिव्या?

—

ती कलकत्त्याची देणगी. 1921 च्या एव्हरेस्ट मोहिमेला बर्फात पावलांचे ठसे दिसले, सोबतच्या लोकांनी 'मेतोह कंगमी' असं काहीतरी सांगितलं, त्यात कंगमी म्हणजे हिममानव. कलकत्त्याच्या स्टेट्समन पेपरमध्ये लिहिणाऱ्या हेन्री न्यूमनने 'मेतोह'चं 'अबॉमिनेबल' करून टाकलं. आता बघा, त्या मास्तरचा चुकीचा अर्थ, माणसापासून दूर, या हिममानवाला, म्हणजे यतीला, मात्र अगदी फिट बसतो :)

—

मूळ प्रश्नाकडे येते. शब्दाला शब्द हवा असेल तर 'अमंगळ' घ्या. मंगल नाही ते अमंगल, म्हणजे आधी अपशकुनीच, आणि आता आपण घाणेरड्यालाही अमंगळ म्हणतो, आणि 'ओंगळ' तर त्याच अमंगलचं झिजलेलं रूप आहे. म्हणजे शकुनावरून किळसेवर घसरायचं काम लॅटिनने केलं तसंच मराठीनेही केलंय, एकमेकांना न विचारता. बायबलमधल्या 'अबॉमिनेशन'ला मराठीत 'अमंगळ' केलंय ते उगीच नाही.

पण मटणाला अमंगळ म्हणू नका हं, वाचणाऱ्याला वाटेल बाई माळकरी आहेत.

—

हाहा, त्या बाई तर दुसऱ्याच पत्रात डुकराच्या मांसाचं तोंड भरून कौतुक करतात. शिसारीच ठेवते. सगळ्यांचे आभार.