खेळाचा तास आणि अभ्यास: तुमचे अनुभव लिहा

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून सगळ्यात आधी खेळाचा तास जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं थोडा तरी दम लागेल अशी, म्हणजे मध्यम ते जोरदार हालचाल हवी. हालचालीमुळे अभ्यासात, मनःस्थितीत काय फरक जाणवला? विद्यार्थी, पालक, शिक्षक, सगळ्यांनी लिहा.

गणिताची शिक्षिका:
मधल्या सुट्टीत मैदानाऐवजी वर्गातच बसून राहिलेली मुलं पुढच्या तासाला हमखास पेंगतात. म्हणून फळ्याला हात लावण्याआधी मी सगळ्यांना उभं करते. जागेवर धावणं, उड्या, हात ताणणं. थोडा गोंगाट होतो, मग वर्ग असा काही स्थिरावतो की शाब्दिक उदाहरणं पुन्हा पुन्हा वाचून दाखवावी लागत नाहीत. २००९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवून चाचण्या घेतल्या होत्या. नुसतं बसून राहिल्यानंतरच्या मानाने त्यांचं लक्ष जास्त टिकलं, वाचलेलं जास्त समजलं. म्हणजे नुसतं चालणंही पुरलं! मैदान नाही ही सबब मला त्यामुळे पटत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी:
पेपरच्या आधी छाती धडधडायची, श्वास अडकल्यासारखा व्हायचा, वाचलेलं सगळं पुसलं जायचं. संध्याकाळी पळायला लागलो. पळतानाही धडधडतं, धाप लागते आणि थांबलं की हळूहळू सगळं शांत होतं. हे रोज अनुभवल्यावर त्या धडधडीची भीतीच कमी झाली. परीक्षेत ती अजूनही येते, मी पेपर लिहीत राहतो. झोपही लवकर लागते.

एक आई:
माझी लेक खेळाच्या तासाला रडायची. संघ निवडताना कायम शेवटी उरायची ना! आता ती मैत्रिणीबरोबर सायकल चालवते, घरी आली की आपणहून बोलते. सगळ्याच खेळांत हार-जीत आणली की हळू मुलं कडेला बसतात, याचा विचार शाळांनी जरूर करावा.

क्रीडाशिक्षक:
कळकळीची विनंती. गृहपाठ राहिला म्हणून मुलांचा खेळाचा तास काढून घेऊ नका. वर्गात चुळबुळणाऱ्या मुलाला तर त्याची गरज सर्वांत जास्त असते. आणि शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्याही नकोत. धावणं म्हणजे शिक्षा हे एकदा डोक्यात बसलं की ते मूल आपणहून मैदानावर येत नाही.