केटीएमने मोटोजीपीत राहावे का? नवे मालक आणि जुना खर्च

(ताळेबंद, वेगवेडा, रानवाट आणि आकुर्डीकर या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे नाव आहे.)

ताळेबंद

नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील मोटारसायकल कंपनी केटीएमचे नियंत्रण पुण्याच्या बजाज ऑटोकडे आले, आणि तेव्हापासून चर्चा पुण्याजवळच्या चाकण कारखान्यामध्ये पुढे कोणती गाडी बनेल याच प्रश्नाभोवती फिरते आहे. माझा प्रश्न निराळा आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएमला दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज करावा लागला. त्या वेळी लाखाच्या वर गाड्या विक्रीविना पडून होत्या. ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनचा कारखाना पुढे महिनोन्‌महिने थांबला, देणेकऱ्यांना शंभर युरोंमागे तीस युरोंवर समाधान मानावे लागले, आणि कंपनी उभी राहावी म्हणून बजाजने एकंदर ८० कोटी युरोंची सोय केली. अशा कंपनीने मोटोजीपीचा, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सर्वांत वरच्या जागतिक वर्गाचा, खर्च चालू ठेवावा का?

माझे मत असे की, ठेवू नये. डाकार (वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत) आणि मोटोक्रॉस (माती-चिखलातली शर्यत) मात्र सोडू नयेत, कारण तिथली शर्यत आणि दुकानातली गाडी यांच्यात खरे नाते आहे. अमेरिकेत १९८६ पासून मोटोक्रॉसच्या अव्वल स्पर्धांत विक्रीच्या गाडीवर आधारलेलीच यंत्रे चालतात. त्यामुळे तिथे जिंकणारी गाडी, थोड्याफार फरकाने, ग्राहकाला विकत घेता येते. डाकारमध्ये केटीएमने २००१ ते २०१९ या काळात सलग १८ विजेतेपदे मिळवली आणि त्या मोहिमांतून आलेली रॅली गाडी खासगी स्पर्धकांना विकलीही. आता केटीएमची मोटोजीपीतील गाडी, आरसी१६, पाहा. तिचे इंजिन व्ही४, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मांडलेल्या चार सिलिंडरांचे आहे. केटीएमच्या दुकानात व्ही४ इंजिनाची एकही गाडी नाही. शर्यतीत जे शिकले ते ज्या गाडीत उतरायचे, ती गाडीच बनत नसेल, तर त्या खर्चाला संशोधन म्हणता येत नाही. त्याला जाहिरात म्हणावे लागते, आणि मग जाहिरातीच्याच कसोटीवर तो तपासावा लागतो.

२०२७ पासून इंजिनाची मर्यादा १००० सीसीवरून ८५० सीसीवर येणार आहे, म्हणजे प्रत्येक कारखान्याला नवे इंजिन घडवावेच लागणार. बाहेर पडायचे असेल तर याहून सोयीचा क्षण नाही.

वेगवेडा

व्ही४ गाडी नाही हा केटीएमच्या उत्पादन-धोरणातील दोष आहे. त्याची शिक्षा शर्यतीच्या विभागाला का? इटलीच्या डुकाटीने काय केले ते पाहावे. २००३ मध्ये ती मोटोजीपीत आली, २००७ मध्ये केसी स्टोनरने विजेतेपद मिळवले, आणि त्यानंतर पुढच्या विजेतेपदासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. या पंधरा वर्षांत कोणत्याही हिशेबनीसाने माघारीचा सल्ला दिला असता. डुकाटीने उलट दिशेने पाऊल टाकले आणि शर्यतीच्या इंजिनाची रचना २०१८ च्या पानिगाले व्ही४ मध्ये उतरवली. तिथला उलट्या दिशेने फिरणारा क्रँकशाफ्टसुद्धा (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) रस्त्यावरच्या गाडीत आणला. वर्षाला जेमतेम ५५ हजार गाड्या विकणारी ही कंपनी आज जी किंमत मागते ती तिला मिळते, कारण तिचा ग्राहक रविवारची शर्यत पाहून सोमवारी दुकानात जातो.

आणि चाकणचेच उदाहरण घ्या. बजाजच्या डॉमिनार ४०० चे ३७३ सीसी इंजिन केटीएमच्या ३९० ड्यूकच्या इंजिनावरूनच घेतलेले होते. तरीही ड्यूकसाठी जास्त पैसे मोजणारे तरुण आहेत. ते पैसे कशासाठी मोजले जातात? त्या नारिंगी रंगामागे शर्यतींची जी पुण्याई आहे तिच्यासाठी. ती आटली तर उरेल ती अधिक महागडी डॉमिनार.

ताळेबंद

ड्यूकचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ३९० ड्यूक भारतात आली २०१३ मध्ये. केटीएम मोटोजीपीत उतरली २०१७ मध्ये. ही पुण्याई आपण म्हणता तशी आहेच, पण ती वाळवंटात आणि चिखलात कमावलेली आहे. डुकाटीचे म्हणाल, तर २०१२ पासून तिच्या पाठीशी जर्मनीची ऑडी आहे, आणि तिच्या जवळजवळ सर्व गाड्या महाग गटातल्या आहेत. केटीएमची दहा लाखावी चाकण-निर्मित गाडी जानेवारी २०२३ मध्ये बाहेर पडली. त्या बहुतेक एका सिलिंडरच्या, मध्यम किमतीच्या गाड्या होत्या. दोन कंपन्यांचे गणित एकच कसे असेल?

सुझुकीने २०२० चे विजेतेपद जोआन मीरच्या हातून जिंकले आणि २०२२ च्या अखेरीस मोटोजीपी सोडली. तिच्या भारतीय कंपनीची विक्री २०२३-२४ मध्ये ११ लाखांच्या पुढे गेली. अ‍ॅक्सेस स्कूटर घेणाऱ्याने मीरचे नाव ऐकलेलेही नसेल.

रानवाट

दोघांचेही वाचले. मला शर्यतीत राहण्याच्या किंवा न राहण्याच्या प्रश्नापेक्षा अर्ध्यावर सोडण्याची सवय जास्त घातक वाटते. सुझुकी २०११ मध्ये गेली, २०१५ मध्ये परतली, २०२२ मध्ये, करार २०२६ पर्यंतचा असताना, पुन्हा गेली. अ‍ॅक्सेस खपली हे खरे, पण त्याच सुमारास युरोपात तिची जीएसएक्स-आर१००० ही शर्यतीच्या धाटणीची गाडी दुकानांतून नाहीशी झाली, याचा उल्लेख ताळेबंद यांनी टाळलेला दिसतो.

आपल्याकडील धडा महिंद्राचा आहे, आणि तो फारसा कुणाला आठवत नाही. मुंबईची ही कंपनी २०११ मध्ये जागतिक स्पर्धेच्या सर्वांत लहान वर्गात उतरली. यंत्र घडवण्यासाठी स्वित्झर्लंडच्या सूटरची मदत घेतली, आणि २०१६ मध्ये आसेनला फ्रान्चेस्को बान्याया याने महिंद्रावर ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी सेपांगलाही. भारतीय कंपनीच्या यंत्राने ग्रां प्री जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्याच वर्षाअखेर महिंद्राने गाशा गुंडाळला. बान्याया २०२२ आणि २०२३ मध्ये डुकाटीवर मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. महिंद्राकडे त्या विजयाचे सोने करील अशी गाडीच नव्हती. मोजो ही मोटारसायकल एवढीच काय ती होती, आणि तिचा त्या यंत्राशी काही संबंध नव्हता.

याउलट होंडा. १९६७ नंतर ती बाहेर पडली, १९७९ मध्ये लंबगोल पिस्टनच्या एनआर५०० सह परतली, आणि त्या गाडीने एकही ग्रां प्री जिंकली नाही. पण होंडाने तळ हलवला नाही. दुसरे यंत्र घडवले आणि १९८३ मध्ये फ्रेडी स्पेन्सर विजेता झाला. म्हणून बजाजने राहायचे तर दहा वर्षांच्या तयारीने राहावे, जायचे तर आताच जावे. दर वर्षी ‘पाहू’ म्हणत राहणे सर्वांत महाग पडेल.

आकुर्डीकर

या चर्चेत देणेकरी एका वाक्यात येऊन गेले, म्हणून लिहितो. ज्या लहान पुरवठादाराने शंभरातले सत्तर युरो सोडून दिले, त्याने त्याच कंपनीच्या कार्बन फायबर चौकटीच्या गाड्या दर पंधरवड्याला जगभर विमानाने जाताना पाहाव्यात, हे मला पटत नाही. प्रायोजक रेड बुल काही भार उचलते हे मान्य. सगळा उचलत नाही. जो कारखाना पुरवठादाराचे पूर्ण पैसे देऊ शकला नाही, त्याने हौसेचा खर्च आधी थांबवायचा असतो, अशीच आपल्या औद्योगिक पट्ट्यातील समजूत आहे आणि ती योग्य आहे.

वेगवेडा

आकुर्डीकर, भावना समजते. पण शर्यत बंद केल्याने त्या पुरवठादाराचे सत्तर युरो परत येणार नाहीत. कंपनी पुन्हा विकू लागली तर निदान त्याला नवी मागणी मिळेल. आणि संकट कशामुळे आले? खपापेक्षा फार जास्त गाड्या बनवल्या गेल्या, याने. त्या चुकीचे खापर शर्यतीवर फोडू नये.

पेद्रो अकोस्टाकडे पाहा. २०२१ मध्ये केटीएमवर मोटो३ या सर्वांत खालच्या वर्गाचा विजेता, २०२३ मध्ये केटीएमच्याच छत्राखालील संघातून मोटो२ या मधल्या वर्गाचा, २०२४ पासून मोटोजीपीत. वरची पायरी काढून टाकली तर खालच्या पायऱ्यांवर घडवलेले स्वार दुसऱ्यांच्या पदरात पडतील; रानवाट यांनी सांगितलेली बान्यायाची गोष्ट हीच तर आहे.

ताळेबंद

त्या पायऱ्यांचा हिशेबही मांडू. २०२५ चा मोसम संपेपर्यंत केटीएमने मोटोजीपीच्या सात मुख्य शर्यती जिंकल्या, पहिली २०२० मध्ये ब्रनोला ब्रॅड बाइंडरने आणि शेवटची २०२२ मध्ये थायलंडला मिगेल ओलिव्हेराने. त्यानंतरच्या तीन पूर्ण मोसमांत एकही नाही, आणि त्यांपैकी दोन मोसम अकोस्टा संघात होता. ८५० सीसीच्या नव्या नियमांनी सगळे एका रेषेवर येतील असे आपण म्हणाल, तर डुकाटीही त्याच रेषेवर असेल आणि तिच्या तिजोरीवर दिवाळखोरीची छाया नसेल. रानवाट यांची दहा वर्षांची अट मला मान्य आहे. बजाजने ती जाहीरपणे स्वीकारली आणि सोबत व्ही४ इंजिनाची रस्त्यावरची गाडीही दिली, तर माझा विरोध मी मागे घेईन. या दोहोंपैकी एकही होणार नसेल, तर तो पैसा डाकारच्या ४५० रॅली गाडीवर आणि चाकणमध्ये बनणाऱ्या ३९० अ‍ॅडव्हेंचरवर लावावा.