मदत हवी आहे: ९०च्या पुढं गाडी तरंगते, स्टेअरिंग मध्यावर ठरत नाही

पाचोडनाका:
पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किमी, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. ६०पर्यंत काहीच तक्रार नाही. धुळे–सोलापूर हायवेवर ९०च्या पुढं गेलं की स्टेअरिंग दोन बोटं इकडं-तिकडं हललं तरी गाडीला कळत नाही, आणि कळलं की गरजेपेक्षा जास्त वळते. सारखं सावरत राहावं लागतं. शहागडच्या पुलावर आडवा वारा लागला किंवा शेजारून ट्रक गेला की जास्तच. थरथर अजिबात नाही. ब्रेक दाबला की किंचित डावीकडं जाते.

पुढचे दोन टायर नवे, मागचे जुनेच. चारीत हवा ३८. अलाइनमेंट दोनदा झाली. प्रिंटमध्ये पुढचा टो (वरून बघता चाक किती आत-बाहेर वळलंय तो कोन) डावा ०.०२, उजवा ०.०३ अंश, दोन्ही हिरवे. कास्टर (बाजूनं बघता, चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं कललेला कोन) डावा २.१, उजवा ३.४, लाल दाखवतो. पण "या गाडीत कास्टर सेट होत नाही, सोडून द्या" म्हणाले. आता रॅक (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायला सांगतायत. त्याआधी काय काय तपासू?

दहाबारा_पाना:
रॅकला सध्या हात लावू देऊ नका. थरथर नाही म्हणजे बॅलन्सिंगचा विषय संपला. खरी खूण त्या लाल आकड्यात आहे. कास्टर सेट होत नाही हे बरोबर, पण जे सेट होत नाही ते आपोआप बदलतही नाही. बदललं म्हणजे काहीतरी वाकलं, फाटलं किंवा सरकलं.

दोन बाजूंच्या कास्टरमध्ये साधारण अर्ध्या अंशापर्यंत फरक चालतो, तुमचा १.३ आहे. वेगात स्टेअरिंग स्वतःहून मध्यावर येतं ते मुख्यतः कास्टरमुळं. डावा कमी झाला म्हणजे डावं चाक खालच्या बाजूनं मागं गेलंय, आणि गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते. त्यात आपल्या रस्त्यांचा उतारही डावीकडं.

संशयित तीन: लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताचा) मागचा मोठा बुश, म्हणजे रबरी सांधा, खड्ड्यात वाकलेला लोअर आर्म, किंवा क्लच-गिअरबॉक्सच्या कामात सबफ्रेम (लोअर आर्म जिला बसतात ती खालची चौकट) उतरवून परत बसवताना सरकलेली. ब्रेकला डावीकडं जाते म्हणून माझा कल बुशकडं. रबर फाटलं की ब्रेकच्या जोरानं चाक मागं ढकललं जातं आणि टो त्या क्षणापुरता बदलतो. मशीनवर गाडी उभी असते, तिथं हे दिसणारच नाही.

घरी करता येईल असं: सपाट फरशीवर चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावा, दोन्ही बाजूंनी. दोन-तीन मिमीचा फरक सोडून द्या. दहाच्या आसपास आला तर चाक जागेवर नाही.

काळीमाती:
भाऊ, आधी हवा बघा. ३८ कुणी सांगितली? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा गाडी थंड असताना भरायचा. जास्त हवेनं टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो, रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर उडतो आणि गाडी तरंगायली असं वाटतं. काळ्या मातीवरचे आपले रस्ते खालून फुगतात-बसतात, तिथं हे आणखी जाणवतं.

आणि उलटा सल्ला पण ऐकू नका. "मे महिन्यात समृद्धीवर टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवा" हे लई जण सांगायलेत. कमी हवेत टायरची बाजू सारखी दुमडते, त्यानंच तो तापतो. १२०च्या रस्त्यावर तर ते जास्त धोक्याचं.

दुसरं, नवे दोन टायर मागं टाका. मागचे घासलेले असले तर गाडीची शेपटी हलते, आणि आपल्याला वाटतं स्टेअरिंगच ढिलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मागचे सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला.

बालाघाट:
वरचं सगळं मान्य, पण प्ले (सांध्यातली ढिलाई) तपासल्याशिवाय अलाइनमेंट करणंच चूक. ढिल्या सांध्यावर मारलेला टो पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

पहिली तपासणी चाकं जमिनीवर, इंजिन चालू. एकानं स्टेअरिंग दोन इंच डावी-उजवीकडं झटपट हलवायचं, दुसऱ्यानं टायरॉड एंडवर (रॅकपासून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या चाकाकडच्या सांध्यावर) हात ठेवायचा, नंतर रॅकच्या रबरी बूटवरून आतल्या रॅक एंडवर. हाताला 'टक' लागलं की तो सांधा गेला. कॉलमच्या (स्टेअरिंगच्या उभ्या दांड्याच्या) खालचा युनिव्हर्सल जॉइंटही याच वेळी बघा. तिथली ढिलाई बऱ्याचदा रॅकच्या नावावर खपते.

मग पुढची बाजू जॅकवर, खाली स्टँड लावूनच. चाक ९ आणि ३वर धरून हलवा: प्ले आला तर टायरॉड किंवा रॅक एंड. १२ आणि ६वर धरून हलवा: आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा). दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट निघाला तर गाडी हायवेला नेऊ नका, तो निसटला तर चाक आडवं होतं.

एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही: स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या भागाच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग. गाडी उभी असताना कॉइल स्प्रिंगवर हात ठेवा आणि स्टेअरिंग हळू फिरवायला सांगा. स्प्रिंग अडकून मग झटक्यानं सुटली तर बेअरिंग जाम. अशा गाडीत प्ले नसतो, पण सावरल्यावर स्टेअरिंग आहे तिथंच थांबतं, परत येत नाही. काही जण रॅकचा ॲडजस्टर स्क्रू आवळून ढिलाई घालवतात, त्यानंही हाच त्रास सुरू होतो.

स्टेअरिंग वेगात पार्किंगइतकंच हलकं लागत असेल तर स्कॅनर लावून ईपीएसला (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगला) वेगाचा सिग्नल येतो का ते बघा. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

पाचोडनाका:
हवा स्टिकरप्रमाणे केली, टायर पुढचे मागं, मागचे पुढं. तरंगणं थोडं कमी, गेलं नाही. टेपनं डावी बाजू ११ मिमी कमी भरली. टायरॉड, रॅक एंड, बॉल जॉइंट घट्ट. डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशात टॉमी (लोखंडी दांडा) घालून रेटलं तर रबर अर्ध्या गोलाईत फाटलेलं उघडं पडतंय. नुसता बुश टाकू की अख्खा आर्म? आणि एकाच बाजूचा चालेल का?

दहाबारा_पाना:
अख्खा आर्म घ्या, बॉल जॉइंट सोबत येतो आणि बुश प्रेसवर तिरका बसायची भीती राहत नाही. उजव्याचंही तेवढंच चालणं झालंय, दोन्ही एकदम टाका. जुना डावा आर्म उतरल्यावर नव्याशेजारी ठेवून बघा. तो वाकलेला नसेल तर आर्म बदलल्यावर कास्टर आपोआप जागेवर यायला हवा. नाही आला तर सबफ्रेमचे बोल्ट ढिले करून ती मध्यावर आणावी लागेल.

बसवताना एका गोष्टीवर उभं राहून लक्ष द्या: चाक लटकत असताना बुशचे बोल्ट पूर्ण आवळू देऊ नका. आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवून दोनदा दाबायची, मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो.

त्यानंतरच अलाइनमेंट. प्रिंटमध्ये मागच्या चाकांचा टोही मागून घ्या. टॉर्शन बीममध्ये (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईत) तो सेट होत नाही, पण तिरका निघाला तर बीमच तपासावा लागेल.