१९५७ ची बेल एअर, १/२५ : अर्धवट जोडलेले जुने किट दुरुस्त करताना सुरुवात कुठून करावी?

अमळनेर_किटवाला

नमस्कार मंडळी,

माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी अमेरिकेतून आणलेले एएमटी कंपनीचे एक किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायची प्लॅस्टिकची छोटी गाडी, नुकतेच माझ्याकडे आले आहे. ते १९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअर हार्डटॉपचे, १/२५ प्रमाणातले आहे. मामांनी ते अर्धेअधिक जोडले होते आणि ब्रशने लाल एनॅमल रंग दिला होता. पण रंगाचा थर इतका दाट आहे की बॉनेटवरची अक्षरे आणि दोन्ही कुशींवरच्या पट्ट्यांचे उंचवटे जवळजवळ बुजून गेले आहेत. पुढच्या काचेच्या डाव्या बाजूचा खांब मोडलेला आहे. मध्यंतरी घरातल्या कोणीतरी काच फेविक्विकने बसवण्याचा प्रयत्न केल्यामुळे तिच्यावर पांढुरका धूर धरला आहे. बंपरची चकाकी ठिकठिकाणी उडाली आहे.

सर्वांत विचित्र प्रकार बॉनेटचा आहे. खोक्यात एक सुटा टायर बॉनेटवर पडून राहिला होता. तो उचलला तेव्हा खाली चर पडलेला दिसला आणि त्या चरात टायरची नक्षी ठशासारखी उमटलेली होती. खोके पत्र्याच्या खोलीत माळ्यावर होते, त्यामुळे उन्हाळ्याच्या उष्णतेने प्लॅस्टिक वितळले असावे, असा घरच्यांचा तर्क आहे.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामेबहीण माहेरी येणार आहे. तोपर्यंत गाडी उभी करावी अशी इच्छा आहे. आधी रंग काढावा, की आधी मोडलेले जोडून घ्यावे? आणि रंग काढायला गॅरेजमधला एनसी थिनर (गाड्यांचा रंग पातळ करायचे द्रावण) चालेल का?

भुसावळ_रसायन

एनसी थिनरची बाटली आधी त्या खोलीतून बाहेर ठेवा. त्यात टोल्युइन, ॲसिटेट आणि कीटोन वर्गातले द्रावक असतात, आणि त्यांत पॉलिस्टायरिन विरघळते. रंग उतरेल, पण त्याच्याबरोबर पट्ट्याही जातील.

तुमच्या हातातली गाडी एक वस्तू वाटत असली तरी तिच्यात चार-पाच वेगवेगळे पदार्थ आहेत, आणि एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष ठरू शकते. बॉडी पॉलिस्टायरिनची, काचही पॉलिस्टायरिनचीच पण पारदर्शक, टायर मऊ व्हायनिलचे, बंपरवर वार्निशसारख्या लॅकरचा थर आणि त्यावर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, आणि वर मामांचे एनॅमल. त्यामुळे पहिले काम सुटे करण्याचे, दुसरे रंग काढण्याचे आणि जोडण्याचे काम त्यानंतरचे. मोडलेला खांब आत्ताच जोडलात, तर रंग काढताना बॉडी घासावी लागेल तेव्हा तो पुन्हा निघेल.

बॉनेटच्या बाबतीत घरच्यांचा तर्क बरोबर नाही. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ होते. माळ्यावर पातळ भागाला बाक येऊ शकतो. पण टायरच्या नक्षीचा हुबेहूब ठसा केवळ उष्णतेने उमटत नाही. व्हायनिल मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते. हे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपते आणि ज्या पॉलिस्टायरिनला टेकलेले असेल त्यात शिरून त्याला मऊ करते. उष्णतेने या क्रियेचा वेग वाढतो, एवढाच माळ्याचा दोष. म्हणून गाडी पूर्ण झाल्यावरही टायर आणि रिम यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलची पट्टी गुंडाळावी. नाहीतर हाच प्रकार चाकांत होईल.

सुटे करण्यासाठी बॉडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. फेविक्विकचा जोड थंडीत ठिसूळ होतो आणि पातळ पाते कडेने सरकवले की बहुतेक वेळा टकन् सुटतो. ट्यूबमधल्या जुन्या सिमेंटचे, म्हणजे मॉडेलच्या गोंदाचे, जोड मात्र इतक्या सहज सुटत नाहीत, कारण तिथे प्लॅस्टिक एकमेकांत विरघळून एकजीव झालेले असते. तिथे ओढाताण न करता करवतीने कापावे.

रंगासाठी आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून पाहा. झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून ठेवा आणि अधूनमधून मऊ दातब्रशने घासा. हे द्रव्य पेट घेणारे आहे, तेव्हा स्वयंपाकघरात हे काम करू नका. जुने एनॅमल त्याला दाद देत नसेल, तर कॉस्टिक सोड्याचे द्रावण घ्या : एक लिटर थंड पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. भांडे प्लॅस्टिकचे घ्या. घरातले ॲल्युमिनियमचे पातेले घेतले तर सोडा त्यालाच खाईल आणि हायड्रोजन वायू सुटेल. कॉस्टिक पॉलिस्टायरिनला काहीही करत नाही. ब्रेक ऑइलचा उपाय पुष्कळ जण सांगतात आणि तो चालतोही, पण ते धुऊन काढणे किचकट असते. कॉस्टिक हाताशी असताना मला त्याची गरज वाटत नाही.

धुळे_जुनी_मोटार

वरील माहिती अचूक आहे, परंतु मूळ निर्णयाबद्दल माझे मत वेगळे आहे. मामांनी स्वतःच्या हाताने दिलेला रंग काढून टाकायचाच, हे इतके गृहीत का धरावे? एएमटीच्या या साच्यातून किट पुन्हा पुन्हा निघालेले आहे, त्यामुळे नवे घेऊन हवी तशी नीटस गाडी बांधता येईल. मामांचा ब्रश फिरलेली बॉडी मात्र हीच एक आहे. मी असतो तर फक्त खांब आणि काच नीट केली असती.

रंग काढायचेच ठरले, तर खऱ्या गाडीबद्दल काही गोष्टी लक्षात ठेवा, कारण खोक्यावरच्या चित्रावर विसंबून पुष्कळ जण चुकतात. १९५७ च्या मालिकेत बेल एअर हे सर्वांत वरचे मॉडेल होते. तिची पुढची जाळी सोनेरी छटेची असे आणि पुढच्या मडगार्डवरच्या तीन आडव्या खुणाही सोनेरीच. मागच्या पंखांवर, म्हणजे मागच्या मडगार्डच्या उंच टोकदार भागांवर, जो निमुळता पट्टा दिसतो, त्यात बेल एअरला रेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा असे. तो भाग बॉडीच्या रंगाने रंगवला की ती गाडी खालच्या दर्जाची, म्हणजे टू-टेन वाटू लागते. दुरंगी बेल एअर करायची असेल, तर छप्पर वेगळ्या रंगाचे करा. लार्कस्पर ब्लू बॉडीवर इंडिया आयव्हरी छप्पर खुलून दिसते. लालच ठेवायची असेल, तर कंपनीच्या यादीत मॅटाडोर रेड होता, म्हणजे मामांची निवड काही चुकीची नव्हती. पेट्रोलचे झाकण शोधत बसू नका. ते डाव्या पंखाच्या मागच्या कडेवरील क्रोमच्या पट्टीआड दडवलेले होते. इंजिन २८३ घनइंचांचे व्ही-आठ असेल, तर ते नारिंगी रंगवा.

थोडे अवांतर : आमच्याकडच्या जुन्या लोकांना अमेरिकन गाडी म्हटले की शेव्हरोलेपेक्षा डॉज, फार्गो आणि प्लिमथ ही नावे आधी आठवतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी १९४७ पासून होत असे. शेव्हरोलेचा मान मात्र त्याआधीचा. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत जुळणीचा कारखाना काढला होता.

जळगाव_सोनारकाम

खांब आणि काच यांबद्दल लिहितो, कारण हत्यारांचा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका अवघड नाही. मॉडेलच्या दुकानातली महागडी रेझर सॉ (पातळ पात्याची करवत) मागवण्याची गरज नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोनारांच्या हत्यारांची दुकाने आहेत, तिथे दोन-शून्य किंवा चार-शून्य नंबरची करवतीची पाती डझनावर मिळतात. पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचे बारीक ड्रिल), बारीक कानशी आणि टोकदार चिमटेही तिथेच मिळतील. सोन्याचा कीस वाया जाऊ नये म्हणून बनवलेले पाते प्लॅस्टिकही तितकेच कमी खाते.

या प्रमाणातला खांब जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. दोन तुटकी टोके नुसती चिकटवली, तर पहिल्यांदा छप्पर दाबले जाताच ती पुन्हा सुटतील. हार्डटॉपला मधला खांबच नसतो, त्यामुळे छपराचा सगळा भार पुढच्या आणि मागच्या खांबांवर येतो. दोन्ही टोकांत पिन व्हाइसने अर्धा मिलिमीटर व्यासाचे भोक पाडावे आणि त्यात पितळी तारेचा तुकडा घालावा. भोके समोरासमोर येण्यासाठी एका टोकाच्या मधोमध रंगाचा बारीक ठिपका द्या आणि दुसरे टोक त्याला टेकवा, म्हणजे जागा आपोआप कळते. तार फेविक्विकने बसवा, पण प्लॅस्टिक प्लॅस्टिकला जिथे भिडते तिथे पातळ लिक्विड सिमेंट लावा. जोड वाळेपर्यंत काच, न चिकटवता, जागेवर धरून ठेवा. तीच खांबाच्या कोनाचा साचा होते. नाहीतर खांब सरळ दिसतो, जोड पक्का होतो, आणि शेवटी काच बसत नाही.

काचेवरचा पांढरा धूर हा फेविक्विकची वाफ बसून झालेला थर आहे. तो बहुधा वरवरचा असतो, त्यामुळे दोन हजार आणि मग तीन हजार नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासावे आणि शेवटी रबिंग कंपाउंडने चमकवावे. ट्यूबमधल्या सिमेंटचा डाग असेल, तर काच खोलवर खाल्लेली असते आणि मग फार घासल्यास तिच्यातून पलीकडचे वाकडे दिसू लागते. पुन्हा बसवताना साधा पांढरा फेविकॉल वापरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, धूर सोडत नाही आणि जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो. काचेवर जोर पडत नसल्याने तेवढी पकड पुरते.

बॉनेटच्या चरात थेट पुट्टी भरू नका. तिथले प्लॅस्टिक अजून मऊ आणि तेलकट असणार. नखाने दाबून पाहा. मऊ लागेल तेवढे पात्याने खरवडून काढा, साबणाने धुवा आणि मग दोन भाग मिसळून करायची इपॉक्सी पुट्टी भरा. ट्यूबमधली द्रावकाची पुट्टी एवढ्या खोल चरात आकसते आणि रंग दिल्यावर महिन्याभराने खळगा पुन्हा वर येतो.

अमळनेर_किटवाला

सर्वांचे मनापासून आभार. बॉडी फ्रीझरमधून काढल्यावर काच आणि छपराच्या आतला भाग सहज सुटला. धुळ्याच्या दादांचे म्हणणे मनाला लागले, म्हणून मामेबहिणीला फोन केला. तिने स्पष्ट सांगितले की वडिलांना ती गाडी नीट करायचीच होती, वेळ मिळाला नाही. तेव्हा रंग काढतो, आणि लालच देतो.

आता दोन शंका उरल्या. बंपरचे काय करावे? आणि सध्या दुपारी पारा बेचाळीसच्या वर आहे, तेव्हा एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या छोट्या पिस्तुलाने) रंग देणे जमेल का?

चोपडा_एअरब्रश

जमेल, पण दुपारी नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये रंगाचा थेंब नोझलमधून निघून बॉडीवर पोहोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. पहाटे पाच-साडेपाचला काम सुरू करा, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारे द्रव्य) मिसळा आणि थर पातळ ठेवा. कूलर चालू असलेल्या खोलीत मात्र रंग मुळीच देऊ नका. कूलरची ओल लॅकरवर पांढुरकी साय आणते आणि वाळ्यातली धूळ ओल्या रंगात येऊन बसते. पावसाळ्यातही सायीचा हाच त्रास असतो. खरे तर आपल्या भागात या कामाला डिसेंबर-जानेवारीइतका चांगला काळ नाही.

थर पातळ ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. १/२५ प्रमाणात दहा शतांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटरचा लेप. मामांच्या रंगाखाली अक्षरे बुजली ती त्यामुळेच. आपल्याकडच्या दुकानातला ड्यूको रंग (मोटारींवर मारायचा लॅकर) वापरणार असाल, तर आधी प्लॅस्टिकला चालणारा प्रायमर सर्व बाजूंनी नीट बसवा. उघड्या पॉलिस्टायरिनवर त्या रंगातला थिनर बारीक तडे पाडतो.

अक्षरांसाठी एक युक्ती आहे. प्रायमर दिल्यानंतर, रंग देण्याआधी, 'शेव्हरोले' या अक्षरांवर आणि व्ही चिन्हावर बेअर-मेटल फॉइलचा (मागे चिकट असलेल्या अतिशय पातळ धातूच्या पत्र्याचा) तुकडा लावून कापसाच्या काडीने दाबून बसवा. त्यावरूनच लाल रंग द्या. रंग पुरता वाळण्याआधी कापडाच्या घट्ट ताणलेल्या टोकाला किंचित थिनर लावून अक्षरांच्या फक्त माथ्यावरून फिरवा. वरचा रंग निघतो, खालचा धातू दिसतो आणि अक्षरांमधल्या खाचांत लाल तसाच राहतो. ब्रशने चंदेरी रंग भरून इतकी रेखीव अक्षरे कधीच येत नाहीत. बेल एअरचे व्ही चिन्ह सोनेरी होते, म्हणून त्या जागी फॉइलवर पिवळसर पारदर्शक रंगाचा हलका हात द्या. कुशींवरच्या लांब पट्ट्यांना फॉइल शेवटी, रंग वाळल्यावर लावा. पाते दर वेळी नवे घ्या, बोथट पात्याने फॉइल फाटते.

बंपरची उरलेली चकाकी घरगुती ब्लीचमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, काही मिनिटांत उतरते. त्यात दुसरे कोणतेही क्लीनर, विशेषतः आम्लाचे टॉयलेट क्लीनर, चुकूनही मिसळू नका. विषारी वायू सुटतो. खाली लॅकरचा पिवळसर थर राहतो. तो गुळगुळीत असेल तर तसाच ठेवा. त्यावर काळ्या चकचकीत एनॅमलचा थर, आणि तो नखाला अजिबात चिकटेनासा झाला की अल्क्लॅड कंपनीचा क्रोमसारखा चमकणारा रंग अगदी हलक्या हाताने. काळा थर जितका आरशासारखा, तितका क्रोम खरा दिसतो. आखाजीपर्यंत वेळ कमी असेल, तर बंपर मागे ठेवा. ते रंगवून शेवटी बसवता येतात, त्यांच्यासाठी बॉडीचे काम अडत नाही.